पट्टी सोडायला जागेवर असणारा डॉक्टर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई नेत्ररोगशास्त्रात एमएसच्या शेवटच्या वर्षाला आहेत. मूळ गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, घरात वारकरी वळण. घरच्यांचं म्हणणं, इकडं येऊन गोरगरिबांचे डोळे बघ, तीच सेवा. कॉलेजमधले सर म्हणतात, रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याची, फेलोशिप कर आणि पुण्यात बस. लहान गावात डोळ्यांच्या दवाखान्यावर प्रपंच चालतो का, ऑपरेशनं फुकट करावीत का आणि देवाधर्माचं माणसानं दवाखान्यात किती आणावं, असं तिहेरी कोडं त्यांनी घातलंय.

मी निपाणीत याच कामात केस पांढरे केले. गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी चुकवत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंचं मला थोडंफार कळतं असं धरून लिहितो.

आधी फुकटाचं बोलू, कारण सगळा घोळ तिथंच आहे. आपल्याकडं डोळ्यांच्या फुकट शिबिराला निमित्त कशाचंही चालतं: जत्रा, पुढाऱ्याचा वाढदिवस, कुणाच्या तरी वडिलांचं वर्षश्राद्ध. मंडप पडतो, फलक लागतो, तपासणी होते, गाडी भरून माणसं नेतात आणि ऑपरेशन करून गावात आणून सोडतात. पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यांना रांगेत बसवून फोटो निघतो. हेतू चांगलाच असतो, पण फोटो निघतो तेव्हा निम्मं काम अजून व्हायचं असतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन हा या सगळ्यातला सर्वांत आटोपशीर भाग. हात बसलेला सर्जन लहान छेदाचं बिनटाक्याचं ऑपरेशन दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. डोळ्याचं नशीब ठरतं ते त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. आधी म्हणजे साखर किती आहे, लासरूची, म्हणजे नाकाच्या बाजूची अश्रूंची, पिशवी दाबल्यावर पू येतो का, अश्रूंची वाट सलाइननं धुऊन मोकळी असल्याची खात्री केली का, ए-स्कॅननं भिंगाचा नंबर नीट काढला का, सुरी लावण्यापूर्वी डोळ्यात ५ टक्के बीटाडीनचे थेंब घालून ते तिथं थोडा वेळ राहू दिले का. नंतर म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, बघणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं, आणि त्यापुढचा आठवडाभर ‘डोळा ठणकतोय’ असा फोन आला तर त्याच घटकेला दार उघडणं.

हे एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. ऑपरेशन केलेल्या डोळ्यात जंतू शिरले तर ते बहुधा पहिल्या आठवड्यातच उठतात. दुखतं, लाल होतं, आणि मुख्य खूण म्हणजे काल दिसत होतं त्याहून आज कमी दिसतं. अशा वेळी व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडीम या जंतुनाशकांची सुई डोळ्याच्या आत द्यावी लागते आणि हिशेब तासांचा असतो. आता कणकुंबीची एखादी आजी डोळ्यांपुढं आणा. मलप्रभेच्या उगमाचा मुलूख, आषाढातला पाऊस, बस येईल न येईल, मुलगा गोव्याला कामाला. डोळा ठणकला तर ती सुनेला म्हणते, ‘जाऊ दे, बुधवारी बोलावलंयच की.’ बुधवारपर्यंत डोळा गेलेला असतो. म्हणून माझं मत ठाम आहे: अशा रुग्णाला पावसाळ्यात ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी धाडायचं नाही. तीन-चार दिवस मुक्कामाला ठेवायचं, सोबतच्या माणसाची भाकरी-आमटीची सोय करायची. खरी सेवा त्या मुक्कामात होते. तिचा फोटो निघत नाही, ही तिची अडचण.

शिबिरांना नावं ठेवायचा मात्र माझा अजिबात विचार नाही. बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी आपल्याच भागातले. तेव्हा विजापूर जिल्हा, आता बागलकोट. त्यांनी गावोगाव शिबिरं घेऊन हजारो माणसांना दृष्टी दिली. १९५६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९६८ साली पद्मभूषण. त्या काळी जिल्ह्यात डोळ्यांचे डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. मोतीबिंदू काढायचा, भिंग बसवायचं नाही आणि नंतर दहा नंबरचा जाड चष्मा द्यायचा, अशी पद्धत होती. शाळेच्या खोलीत ते होऊ शकत होतं. आज डोळ्याच्या आत भिंग राहतं, मायक्रोस्कोप लागतो, निर्जंतुकीकरणाची शिस्त लागते. म्हणून आता तपासणी गावात आणि ऑपरेशन कायमच्या थिएटरमध्येच, अशी रीत पडली ती योग्यच. मोदींचं नाव घेऊन आज कुणी मंगल कार्यालयात टेबल मांडायचं म्हणालं तर त्या सत्कार्यातून अंग काढून घ्या.

आणखी एक. पूर्ण फुकट उपचार घेतलेला माणूस तक्रार करत नाही. ‘डॉक्टरांनी एवढं केलं, आता कशाला त्रास द्यायचा’ असं म्हणून दुखणं सोसत बसतो. डोळ्याच्या कामात तर तक्रार हीच पहिली सूचना असते. म्हणून अगदीच निराधार सोडला तर मी थोडे तरी पैसे घेतो. पैसे दिलेली म्हातारी हक्कानं भांडायला येते, आणि भांडायला आली की डोळा वेळेवर बघायला मिळतो.

मोतीबिंदूबद्दल सगळेच बोलतात. सीमाभागात डोळे जातात त्यातले बरेच दुसऱ्याच कारणांनी, आणि तिथं शिबिराचा काही उपयोग नाही.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा उसाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की माझ्या दवाखान्यात एकाच प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. उसाचं पान डोळ्याला चाटून गेलेलं असतं. त्या दिवशी थोडं पाणी येतं, गडी रुमाल लावून तोडणी चालू ठेवतो. दोन-तीन दिवसांनी ठणका लागला की मेडिकलमध्ये जाऊन ‘डोळ्यात घालायचं काहीतरी द्या’ म्हणतो आणि दुकानदार स्टिरॉइड मिसळलेले थेंब देतो. लाली उतरते, बरं वाटतं, आणि बुबुळावर आत बुरशी चरत राहते. माझ्याकडं येतो तेव्हा पांढरट करडा डाग असतो, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या, शेजारी एक-दोन बारीक ठिपके.

इथं अंदाजानं औषध लिहू नका. सुन्न करायचे थेंब घालून रुग्णाला स्लिट लॅम्पवर बसवा. पंधरा नंबरच्या ब्लेडनं डागाच्या कडेचा आणि बुडाचा कण अलगद खरवडून स्लाइडवर घ्या, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाका, वर कव्हरस्लिप ठेवा. पाच-दहा मिनिटं थांबून साध्या मायक्रोस्कोपखाली बघा. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले, मध्ये आडवे पडदे असलेले धागे दिसतात. एकदा ओळख पटली की नजर फसत नाही. मग नाटामायसिन ५ टक्के हे बुरशीवरचे थेंब, पहिले काही दिवस जागेपणी दर तासाला. खर्च जवळपास नाहीच, पण मोठ्या कॉलेजात हे लॅबवाले करतात म्हणून निवासी डॉक्टरांचा हात त्याला लागलेला नसतो. तुमच्या हातात अजून काही महिने आहेत. मायक्रोबायोलॉजीत जाऊन हे शिकून घ्या. पुढं डोळ्यात फूल पडून आयुष्यभर एका डोळ्यानं काढणारी माणसं कमी होतील ती यामुळं.

ऊसतोडीची टोळी बीड-धाराशिवकडची असली तर आणखी एक पंचाईत. फड संपला की टोळी पुढं, आणि टोळीबरोबर तुमचा रुग्णही. मुकादमाचा नंबर केसपेपरवर लिहून ठेवायचा. कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, थेंब कोण घालणार, हेही विचारायचं. बायको पहाटे चारला फडात जाते, मग घालणारं असतं आठ-नऊ वर्षांचं पोर. त्या पोराला समोर बसवून शिकवा: खालची पापणी ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही.

दुसरं म्हणजे चुना. निपाणी तंबाखूचं गाव. खिशाखिशात तंबाखू आणि चुन्याची पुडी. लहान पोरं ती पुडी खेळायला घेतात, दाबतात, ती फट्कन फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना अल्कली आहे. आम्लापेक्षा वाईट, कारण तो बुबुळात खोल मुरत जातो. आईबाप पोराला उचलून दवाखान्याकडं धावतात आणि मोलाची पहिली मिनिटं रस्त्यात जातात. आधी घरातच नळाखाली, नाहीतर तांब्यानं, मिळेल त्या स्वच्छ पाण्यानं अर्धा तास डोळा धुवायचा आणि मग निघायचं. दवाखान्यात आल्यावर तुम्ही नाव-गाव विचारत बसू नका. सलाइनची बाटली टांगा, नळी डोळ्यावर धरा, आम्ल-अल्कली ओळखायचा पीएचचा कागद ७ या आकड्याच्या आसपास दाखवेपर्यंत सोडू नका. वरची पापणी एकदा उलटून भागत नाही. दुहेरी उलटा, आतल्या खोबणीत चुन्याचे कण चिकटलेले असतात ते ओल्या कापसाच्या काडीनं काढा. पोर ऐकत नसेल तर भूल देऊन काढा, पण काढा. ते राहिले तर बाटल्याच्या बाटल्या ओतून केलेलं सगळं पाण्यात. मी पानटपरीवाल्यांना आणि अंगणवाडीच्या ताईंना हे वरचेवर सांगत असतो. माझ्या भाषणांपैकी खरोखर उपयोगी पडलेलं हे एकच असावं.

बेळगावात बसलात तर उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांचे डोळ्यातले लोखंडी कण बघावे लागतील. ते काम सोपं आहे, महिन्याभरात हात बसेल. शेजारच्या मशीनवरच्या मित्रानं काडेपेटीच्या काडीनं ‘काढून’ पाठवलेले तेवढे अवघड.

तिसरा काचबिंदू, आणि तो मनाला लागतो. मोतीबिंदूची म्हातारी पट्टी सोडल्यावर तुमच्या पायाशी वाकते; काचबिंदूचा रुग्ण तुमचे आभार मानत नाही. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी टिकवायची आणि त्यासाठी जन्मभर थेंब. थेंब घालून त्याला फरक काहीच जाणवत नाही, म्हणून बाटली संपली की तो बंद करतो. दोन वर्षांनी धडपडत येतो तेव्हा समोरचं पाइपातून पाहिल्यागत दिसत असतं. याच्याशी दर वेळी तेच बोलणं, तितक्याच शांतपणे, करावं लागतं. सख्ख्या भावंडांना तपासायला बोलावून घ्या. टिमोलॉल स्वस्त आणि चांगलं औषध आहे, पण दमेकऱ्याला ते बाधतं, तेव्हा दम्याचं विचारल्याशिवाय लिहू नका. तंबाखूच्या वखारीत धुळीत आयुष्य गेलेल्या बायका ‘थोडा खोकला असतोय’ एवढंच सांगतात.

आता श्रद्धेचं. ऑपरेशनला बसताना मी मनात विठ्ठलाचं नाव घेतो. ते माझ्यापुरतं. रुग्णाच्या डोळ्याखाली सुई जाते तेव्हा कुणी ‘आई यल्लम्मा’ म्हणतं, कुणी ‘या अल्ला’, कुणी बसवेश्वराचं नाव घेतं. मी एवढंच सांगतो, ‘तोंडानं काय म्हणायचं ते म्हणा, मान हलवू नका.’

अमावास्येला ऑपरेशन नको, उन्हाळ्यात नको, पितृपंधरवड्यात नको, हे तुम्हाला रोज ऐकावं लागेल. वाद घालू नका. मोतीबिंदू पंधरा दिवसांनी काढल्यानं बहुतेकदा काही बिघडत नाही. त्यांच्या मनासारखा दिवस द्या, माणूस निवांत मनानं टेबलावर येतो. पण एकाएकी प्रेशर चढून डोळा दगडासारखा झालाय, डोकं फुटतंय, उलट्या होताहेत, किंवा बुबुळावर जखम आहे, तिथं पंचांग बाजूला. त्या वेळी आवाज चढवायचा अधिकार तुमचा आहे, आणि गळ्यात माळ असलेल्या डॉक्टरनं ‘आज अमावास्या असली तरी आत्ताच’ म्हटलं की लोक ऐकतात, हाही अनुभव आहे. माळेचा मला दवाखान्यात झालेला उपयोग एवढाच.

पोराचे डोळे बरे व्हावेत म्हणून देवीला चांदीचे डोळे वाहायचा नवस आपल्या बायका बोलतात. मी सांगतो, जरूर वाहा, पण थेंब संपेपर्यंत घाला आणि मग जा. माघात चिंचलीच्या मायाक्काला किंवा सौंदत्तीला गेलेले लोक भंडारा डोळ्यात घेऊन येतात. चोळायचं नाही, पाण्यानं भरपूर धुवायचं, नुसत्या हळदीनं डोळा जात नाही. धुऊनही चुरचुर राहिली आणि उजेड सोसेना, तर मात्र त्यात भेसळ काय होती कुणास ठाऊक असं समजून नीट तपासा. रमजानात मुसलमान रुग्ण विचारतात, रोज्यात थेंब चालतील का. धर्माचं उत्तर त्यांच्या मौलवींनी द्यायचं. माझ्या हातात आहे ते मी दाखवतो: थेंब घातल्यावर नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरला की औषध घशात फारसं उतरत नाही. औषधही डोळ्यात जास्त टिकतं, म्हणून ही युक्ती सगळ्यांनाच शिकवा.

एक गोष्ट मात्र श्रद्धाळू डॉक्टरनं करू नये. ‘दिसेल का हो?’ असं कुणी विचारलं की आभाळाकडं बोट दाखवायचं. ते नम्रतेचं वाटतं, पण बहुतेकदा ती पळवाट असते. पडदा सुटलाय का, नस किती सुकलीय, हे तुम्ही पाहिलेलं असतं. जे पाहिलं ते सांगा. उरलेलं देवाकडं न्यायचं काम तो रुग्ण तुमच्यापेक्षा चांगलं करतो.

प्रपंचाचं म्हणाल तर चालतो, नीट चालतो. मात्र हिशेब ठेवावा लागतो. मदुराईच्या डॉ. जी. वेंकटस्वामींचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेलच. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, संधिवातानं बोटं वाकडी झालेला हा माणूस श्री अरविंदांचा भक्त; १९७६ साली त्यांनी अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. आपल्याकडं भाषणात त्यांची भक्ती येते आणि फुकट ऑपरेशनं येतात. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून रीतसर पैसे घेऊन त्यावर बाकीच्यांचं भागवायचं, ही त्यांची काटेकोर मांडणी कुणी सांगत नाही. परदेशी भिंगं परवडेनात म्हणून त्यांच्या संस्थेनं १९९२ साली ऑरोलॅब काढून भिंगं इथंच बनवायला घेतली. आज खेड्यातल्या माणसाला भिंग परवडतं त्यात त्या कारखान्याचा मोठा वाटा आहे. तुमच्या दवाखान्यातही हेच लहान प्रमाणात करायचं. सर्जन तोच, थिएटर तेच, स्वच्छता तीच. फरक फक्त खोलीत आणि भिंगाच्या प्रकारात. चष्म्याचं दुकान दवाखान्यात ठेवा, उत्पन्नाला आधार होतो, पण नंबराचा कागद रुग्णाच्या हातात द्या, तो कुठूनही चष्मा करू दे. आणि कागदपत्रं समजणारा एक माणूस पगारावर ठेवा. आपल्या भागात लोक दोन राज्यांच्या योजनांची कागदं घेऊन येतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केल्यापासून तर जास्तच. कुठलं कार्ड कुठं चालतं हे सांगण्यात तुमचा अर्धा दिवस जाऊ देऊ नका.

कन्नड बोलायला शिका. सीमेच्या वादात तुमचं मत काहीही असू दे, टेबलावरच्या माणसाला ‘मेले नोड्री’, ‘केळगे नोड्री’, ‘कण्णु मुच्च्री’ (वर बघा, खाली बघा, डोळे मिटा) त्याच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. भिंतीवर अक्षरांचे तक्ते मराठी, कन्नड दोन्ही लावा आणि न शिकलेल्यांसाठी इंग्रजी ‘E’च्या दिशांचा.

नेत्रदानाचं काम आपोआप तुमच्याकडं येईल. २०२१ साली अभिनेते पुनीत राजकुमार गेले आणि त्यांच्या डोळ्यांमुळं चौघांना दृष्टी मिळाली, तेव्हापासून आमच्याकडं मराठी घरांतूनही विचारणा होऊ लागली. ‘पुढच्या जन्मी आंधळा होईल’ म्हणणारे अजून आहेत. त्यांच्याशी मयताच्या घरात वाद नको. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, उशी उंच करा आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक येईल एवढं बघा. होकार देणारी लेक किंवा सून घरात एक तरी असते, तिच्याशी बोला.

वारीचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. तुम्हाला आषाढीला पंढरपूरला जायचं असणार. जा. पण त्याआधी आठ-दहा दिवस ऑपरेशनं बंद ठेवा, कारण तुम्ही चंद्रभागेच्या वाळवंटात आणि तुमची म्हातारी ठणकता डोळा घेऊन बंद दारापाशी, असं होता कामा नये. मी पायी वारी सोडली ती यासाठी. कार्तिकीनंतर गर्दी ओसरली की एक दिवस जाऊन येतो, आणि तोही थिएटरची यादी बघून. शनिवारी ऑपरेशन आणि रविवारी गावाला, हेही नाही.

फेलोशिप करणार असाल तर रेटिनाऐवजी कॉर्नियाची, म्हणजे बुबुळाची, किंवा काचबिंदूची करा. मधुमेहानं बिघडलेले पडदे ओळखून रुग्णाला वेळेवर बेळगावला पाठवणं तुम्हाला तसंही जमेल, आणि खानापुराहून बेळगाव तासाभराचं. उसाच्या आणि चुन्याच्या डोळ्यांना तेवढा वेळ नसतो. हातानं करायच्या लहान छेदाच्या ऑपरेशनवर हुकूमत आणा, कारण खेड्यातून येणारा मोतीबिंदू पिकून तपकिरी, टणक झालेला असतो आणि तिथं मशीनपेक्षा हात बरा. सुरुवातीला चांगला स्लिट लॅम्प, प्रेशर मोजायचं अप्लानेशन, ए-स्कॅन, एक भरवशाचा ऑपरेटिंग मायक्रोस्कोप आणि हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह एवढ्यावर कर्ज काढा. फेको मशीनचा, म्हणजे मोतीबिंदू काढायच्या यंत्राचा, एजंट पहिल्या आठवड्यातच दारात येईल; त्याला चहा पाजा आणि दोन वर्षांनी या म्हणावं.